‘निवडक गाणी’ कोण निवडतं?

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या काटोलात कॅसेट भरून देणारं एक दुकान होतं. त्यासाठी नागपूरला जावं लागत नसे. कागदावर गाण्यांची यादी न्यायची, कोरी कॅसेट तिथेच विकत घ्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घरी आणायची. माझी ताई ही यादी फार मन लावून करायची. वहीच्या शेवटच्या पानावर डावीकडे गाणं, उजवीकडे त्याची वेळ. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. तिच्यात तीन मिनिटं वीस सेकंदांची नऊ गाणी बरोबर बसतात, हा हिशेब तिला तोंडपाठ होता. पाच मिनिटांचं एखादं गाणं यादीत आलं, की दुसरं कुठलं तरी काढावं लागे. कोणतं काढायचं यावर जेवताना वाद व्हायचे.

एकदा तिची यादी चार-पाच मिनिटांनी कमी भरली. दुकानदारानं उरलेल्या जागेत आपल्या मनानं एक गझल भरून दिली. कार्डावर तिचं नाव नव्हतं. मागितलेल्या गाण्यांपैकी निम्मी आज ताईला आठवत नाहीत. ती गझल मात्र भाजी चिरताना ती अजून गुणगुणते.

त्या कॅसेटच्या कार्डावर लाल शाईत एकच शब्द होता, ‘निवडक’. जगभरच्या ध्वनिमुद्रिका कंपन्या ज्या प्रकाराला ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हणतात, तो हाच. आपण असा संग्रह विकत घेतो तेव्हा गाणाऱ्याचं नाव बघतो. निवडणारा कोण, त्यानं काय सोडलं, कशासाठी सोडलं, हे विचारत नाही. ते विचारायला हवं, असं मला वाटायला लागलं ते मुंबईत वाढलेल्या एका गायिकेमुळे. आशा पुथली तिचं नाव. ज्या गाण्यांनी ती आज ओळखली जाते, ती गाणी वर आणणारे हात सगळे परक्यांचे होते. तिच्याकडे यायच्या आधी हा प्रकार मुळात चालतो कसा, ते पाहू.

अल्बम म्हटलं की आपल्याला लग्नाचे फोटो आठवतात, आणि गाण्यांच्या अल्बमचा मूळ अर्थही त्याहून वेगळा नाही. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. मोठी रचना विकायची तर अशा पाच-सहा तबकड्या जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत, पानांसारख्या पाकिटांतून द्याव्या लागत. ते बाड म्हणजे अल्बम. 1948 साली अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीनं मिनिटाला 33⅓ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी आणली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं आरामात बसू लागली. बाड गेलं, नाव राहिलं.

आता एका तबकडीवर दहा-बारा गाणी मावत होती, तर ती कुठून आणायची? 1958 साली याच कोलंबियाकडे जॉनी मॅथिस हा लोकप्रिय गायक होता, पण त्याचा नवा अल्बम हाताशी नव्हता. कंपनीच्या मिच मिलरनं त्याची सुट्या तबकड्यांवर आधीच गाजलेली गाणी एकत्र केली आणि ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’ बाजारात आणला. बिलबोर्ड साप्ताहिकाच्या यादीत तो 490 आठवडे होता, म्हणजे नऊ वर्षांहून अधिक. तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. ईगल्स या अमेरिकी रॉक बँडचा 1976 सालचा संग्रह तर अमेरिकेतल्या आजवरच्या सर्वाधिक खपाच्या अल्बमपैकी एक आहे. 2018 साली त्याच्या खपाची नोंद 3 कोटी 80 लाखांची झाली.

कंपनीला हा व्यवहार का आवडतो, ते उघड आहे. गाणी तयार आहेत, वादकांचे पैसे देऊन झालेले आहेत, स्टुडिओचं भाडं नाही आणि माल चालणार की नाही याची धाकधूक नाही. आपल्याकडे दिवाळीला जसा बाजार फुलतो तसा तिकडे नाताळला. म्हणून असे संग्रह बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात. ज्यांच्याकडे सगळी गाणी आधीच आहेत त्यांनीही घ्यावा, म्हणून एखादं नवं गाणं घालतात. गायक कंपनी सोडून चालला असेल आणि कराराचा एक अल्बम बाकी असेल, तर तो हिशेबही संग्रहानं चुकता होतो.

पण कारखान्याच्या बाजूनं पाहिलं तर हे काम वाटतं तितकं सोपं नाही. लाँग प्ले तबकडीचीच गोष्ट घ्या. तिचा एक फेरा 1.8 सेकंदांचा. सुई बाहेरच्या कडेला असते तेव्हा खाचेच्या वर्तुळाचा व्यास साधारण 29 सेंटीमीटर असतो, म्हणजे त्या 1.8 सेकंदांत ती सुमारे 91 सेंटीमीटर खाच वाचते. बाजू संपत येते तेव्हा व्यास 12 सेंटीमीटरवर आलेला असतो आणि तेवढ्याच वेळात सुईच्या वाट्याला जेमतेम 38 सेंटीमीटर खाच येते. तोच मजकूर निम्म्याहून कमी जागेत दाटीनं लिहावा, तसं होतं. झांजेची किनार, ‘स’ आणि ‘श’ची धार, वरच्या पट्टीतला आवाज, सगळं तिथं थोडं बोथट होतं. म्हणून जाणता माणूस दणदणीत गाणं बाजूच्या सुरुवातीला ठेवतो आणि शांत, कमी वाद्यांचं गाणं शेवटाकडे नेतो. जुन्या तबकड्यांवर बाजूचं शेवटचं गाणं पुष्कळदा हळवं का असतं, याचं एक कारण हे आहे. शिवाय वीस वर्षांत वेगवेगळ्या स्टुडिओंत मुद्रित झालेल्या गाण्यांचे आवाज वेगवेगळ्या पातळीवर असतात. एक गाणं कुजबुजतं आणि पुढचं अंगावर येतं, असं होऊ नये म्हणून मूळ फिती काढून सगळ्यांचा आवाज एकमेकांशी जुळवावा लागतो.

दुसरी अडचण हक्कांची. प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यावर दोन निरनिराळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चालीचा; दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. पहिला गीतकार-संगीतकाराकडून सुरू होतो, दुसरा सहसा कंपनीकडे असतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा करारानंही काढून घेता येत नाही. गायिका तीन कंपन्यांकडे गायली असेल तर तिच्या संग्रहासाठी तिघांची परवानगी लागते. कुणी नाही म्हटलं, तर तिचं उत्तम गाणंही संग्रहात येत नाही. आपण समजतो की निवडणाऱ्याला ते आवडलं नसेल.

मग स्वतः गाणारीचं म्हणणं काय असतं? कॅनडात जन्मलेली जोनी मिचेल स्वतः लिहिते, स्वतः चाल लावते, स्वतः गाते. 1996 साली तिच्या कंपनीनं ‘हिट्स’ नावाचा संग्रह काढायचं ठरवलं. तिनं अट घातली, की त्याच दिवशी ‘मिसेस’ नावाचा दुसरा संग्रहही निघाला पाहिजे. ज्या गाण्यांकडे बाजारानं पाठ फिरवली पण जी तिला स्वतःला मोलाची वाटत होती, ती त्यात जाणार होती. कंपनीनं मान्य केलं आणि दोन्ही संग्रह बरोबरच आले.

काटोल-नरखेडच्या पट्ट्यातल्या माणसाला ही अट लगेच कळेल. संत्र्याचा तोडा झाला की फळांची प्रतवारी होते. मोठी, तकतकीत फळं एका बाजूला, मधली दुसरीकडे आणि बारीक फळांचा ढीग वेगळा. त्याला आम्ही चुरी म्हणतो. चुरीला भाव नसतो. व्यापारी आकार बघतो, साल बघतो. त्याच्या धंद्यात ते बरोबरच आहे. पण झाडाखाली बसून फळ सोलणाऱ्याला ठाऊक असतं, की चुरीतही साखरेसारखी गोड फळं निघतात. जोनी मिचेलनं आपली चुरी आपल्या हातानं वेचून, त्याच पेठेत, त्याच दिवशी मांडली. एखाद्या कलावंतानं संग्रहाला दिलेलं याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

आशा पुथलीची गोष्ट याच्या उलट दिशेनं जाते. जोनीला निदान निवडीवर हक्क सांगता आला. आशाची निवड होत होती तेव्हा ती त्या खोलीतही नव्हती.

ती 1945 साली मुंबईत, एका सारस्वत कुटुंबात जन्मली. भारतीय शास्त्रीय संगीत शिकली, पाश्चात्त्य ऑपेराचंही शिक्षण घेतलं, आणि तिचा जीव जडला तो जॅझवर. त्या काळी मुंबईतल्या हॉटेलांत चांगले जॅझ वादक होते, त्यांत गोव्याचे बरेच. त्यांच्या साथीनं ती गायची आणि गाता गाता सुरांच्या नव्या वाटा काढायची. रागाच्या आलापात आपण जे करतो तेच हे लोक वेगळ्या चौकटीत करतात, हे तिला लवकर उमगलं होतं. लेखक वेद मेहता यांनी 1970 च्या आपल्या ‘पोर्ट्रेट ऑफ इंडिया’ या पुस्तकात मुंबईतल्या जॅझविषयी लिहिताना तिच्याबद्दल लिहिलं. तिला निवडणारा हा पहिला हात, आणि तो संगीताच्या धंद्यातला नव्हता.

विमान कंपनीतली नोकरी, मग न्यूयॉर्कला नृत्याची शिष्यवृत्ती, अशा वाटेनं ती अमेरिकेत पोहोचली. तिथं सीबीएस कंपनीचे जॉन हॅमंड यांनी तिला हेरलं. हॅमंड म्हणजे बिली हॉलिडे, बॉब डिलन आणि अरीथा फ्रँकलिन यांना सुरुवातीच्या काळात पारखणारा माणूस. त्यांच्यामुळे ती ऑर्नेट कोलमन या सॅक्सोफोन वादकापर्यंत गेली. कोलमननं जॅझमधली कॉर्डची ठरलेली साखळीच काढून टाकली होती. कुठल्या स्वरसमूहानंतर कुठला येणार, हा जॅझ गायकाचा आधार असतो. कोलमनच्या संगीतात तो हाताला लागत नाही. भलेभले गायक तिथं अडखळले असते. आपल्या शास्त्रीय गायनात मात्र कॉर्ड नसतातच. तानपुऱ्याचा एक षड्ज धरून माणूस तासभर मोकळा फिरतो. माझ्या मते मुंबईचा रियाज तिथं तिच्या कामी आला. 1971 साली मुद्रित झालेल्या कोलमनच्या ‘सायन्स फिक्शन’ या अल्बमात दोन गाणी तिच्या आवाजात आहेत. वाद्यांच्या कल्लोळातून तो आवाज सरळ वर चढत जातो, कुठंही कापत नाही.

जॅझच्या वर्तुळात नाव झालं, पण तिला पॉप आणि रॉकमध्ये स्वतःचं काही करायचं होतं. 1973 साली लंडनमध्ये तिचा पहिला अल्बम झाला, तिच्याच नावाचा. निर्माते होते डेल न्यूमन. त्यात तिनं जॉर्ज हॅरिसनचं ‘आय डिग लव्ह’ घेतलं, जे. जे. केलचं ‘राइट डाउन हिअर’ घेतलं. दोन्ही गाणी पुरुषांनी आपल्या मगदुरानं गायलेली. तिनं ती कुजबुजत्या, हवेवर तरंगणाऱ्या आवाजात अशी काही उलटवली, की मूळ गाणं आठवेनासं होतं. 1974 साली दुसरा अल्बम आला. 1976 साली युरोपात तिसरा निघाला, ‘द डेव्हिल इज लूज’. त्यात ‘स्पेस टॉक’ नावाचं गाणं होतं. संथ डिस्कोची लय, खाली बास गिटारचा गोल फिरणारा तुकडा, आणि वर तिचा श्वासासारखा उंच आवाज.

ते गाणं त्या वेळी काही फार विकलं गेलं नाही. अमेरिकेच्या यादीत पहिल्या दहांत गेलेलं एकही गाणं तिच्या नावावर नाही. ‘हिट’चा रूढ अर्थ घेतला तर तिच्याकडे हिट नव्हतीच. आपल्याकडे 1952 पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला चालायची. तिच्या पायदानांवर जे चढलं ते हिट, ही कल्पना आपल्या दोन पिढ्यांच्या डोक्यात पक्की बसलेली आहे. पण पायदानावर फक्त आजचा खप आणि आजची पसंती मोजता येते. वीस वर्षांनी कोण काय उचलणार आहे, हे तिथं दिसत नाही.

न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्क्युसो नावाचा माणूस 1970 पासून आपल्या राहत्या घरात निमंत्रितांसाठी नाचाच्या मैफली भरवायचा. त्या जागेला ‘द लॉफ्ट’ म्हणत. ध्वनियंत्रणा अतिशय काळजीनं जमवलेली. पुढं पुढं तर गाणी एकमेकांत न मिसळता प्रत्येक गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत पूर्ण वाजवायचं, हा त्याचा दंडक झाला. कंपन्या काय जाहिरात करतात, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. कुठल्या तरी युरोपीय तबकडीवरचं ‘स्पेस टॉक’ त्याला सापडलं आणि त्यानं ते वाजवलं. पुन्हा वाजवलं. तिथं नाचायला येणाऱ्यांत इतर ठिकाणी तबकड्या वाजवणारेही असत; ते गाणं घेऊन आपापल्या ठिकाणी गेले. रेडिओ नाही, जाहिरात नाही. गाणं एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. आमच्या काटोलच्या दुकानदारानं जे एका कॅसेटवर केलं, ते मॅन्क्युसोनं एका शहरासाठी केलं.

पुढचा हात रॅप संगीताचा. 1997 साली नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरचा ‘लाइफ आफ्टर डेथ’ हा दुहेरी अल्बम आला. त्याचा खून होऊन तेव्हा पुरते तीन आठवडेही झाले नव्हते. त्यातल्या एका गाण्याचा पाया ‘स्पेस टॉक’वर बेतलेला आहे. जुन्या ध्वनिमुद्रणातला तुकडा उचलून, फिरता ठेवून त्यावर नवं गाणं रचायचं, याला सँपलिंग म्हणतात. त्यासाठी मघाचे दोन्ही हक्क लागतात, रचनेचाही आणि मुद्रणाचाही. कोट्यवधी लोकांनी तो तुकडा ऐकला आणि त्यातल्या फार थोड्यांना ती गायिका मुंबईची आहे हे माहीत होतं. मग उलटा प्रवास सुरू झाला. तुकड्यावरून गाणं, गाण्यावरून अल्बम, अल्बमवरून गायिका, असे शोधणारे तिच्यापर्यंत येऊ लागले.

2022 साली ब्रिटनमधल्या मिस्टर बोंगो या कंपनीनं ‘द एसेन्शियल आशा पुथली’ हा संग्रह काढला. नावात हिट्स शब्द नाही, आणि ते योग्यच आहे. ‘ग्रेटेस्ट हिट्स’ म्हटलं की आकड्यांची जबाबदारी येते. ‘बेस्ट ऑफ’ म्हटलं की कुणाच्या तरी मताची. ‘एसेन्शियल’ म्हणजे हे ऐकल्याशिवाय भागणार नाही, असं सांगणं. मला विचाराल तर या तिन्ही प्रकारांत शेवटचा सगळ्यांत प्रामाणिक, कारण त्यात निवडणारा लपत नाही. 2024 साली इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात आशा पुथली स्वतः मंचावर उभी राहून गायली. वय 79.

हे सगळं वाचताना वाटेल, की हा दूरदेशीचा मामला झाला. आपल्या घरात याहून जवळचं उदाहरण आहे. 1960 च्या दशकात भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना ‘आनंदघन’ नावाच्या संगीतकाराच्या चाली होत्या. ‘मराठा तितुका मेळवावा’ 1964 चा, ‘साधी माणसं’ 1965 चा. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला आणि हे आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे लोकांना कळलं. ‘ऐरणीच्या देवा’ हे गीतकार खेबुडकरांचं गाणं तिनंच गायलं आणि चालही तिचीच होती. तिची धाकटी बहीण मीना खडीकर. ‘सांग सांग भोलानाथ’ची चाल तिची, मराठी घरात वाढलेलं असं मूल नसेल ज्याला ती येत नाही. तरीही बाजारातले आपले ‘निवडक’ संग्रह बघा. ते गायिकेच्या नावावर लागतात, गीतकाराच्या नावावर लागतात, पुरुष संगीतकारांचेही भरपूर निघतात. बाईनं लावलेल्या चालींचा म्हणून संग्रह शोधायला गेलं तर फार हिंडावं लागतं. कार्यक्रमात ‘ऐरणीच्या देवा’ सुरू होतं तेव्हा निवेदक लताबाईंचा आवाज सांगतो. चाल कुणाची, हे पुष्कळदा राहूनच जातं. गाणं हिट असूनही ते करणारीचं निम्मं काम प्रतवारीत बाजूला पडलं.

आता कॅसेटचं दुकान नाही. मोबाइलवर एका बोटानं गायिकेच्या नावाची यादी उघडते, आणि ती लोकांनी काय किती वेळा ऐकलं यावरून यंत्रानं लावलेली असते. वाजतं तेच वर येतं, वर येतं म्हणून आणखी वाजतं. तिथं चार मिनिटं उरली म्हणून आपल्या आवडीची गझल भरून देणारं कुणी नाही.

आशा पुथली ऐकायची असेल तर ‘स्पेस टॉक’पासून सुरुवात करा, पण संग्रहावर थांबू नका. 1973 चा पहिला अल्बम पूर्ण ऐका आणि मग ‘सायन्स फिक्शन’मधली दोन गाणी. आणि घरातल्या माळ्यावर दुकानातून भरून आणलेल्या कॅसेट पडल्या असतील, तर त्या भंगारात देऊ नका. कार्डावर गायकाचं नाव असेल. गीतकार कोण, चाल कुणाची, कॅसेट कोणत्या साली भरली आणि यादी कुणी केली होती, हे सांगू शकणारी माणसं अजून घरात आहेत; त्यांना विचारून त्याच कार्डावर लिहून ठेवा.